उताराचं घर

तळोद्यातलं घर रतिलालने विकत घेतलं, तेव्हा ते त्याने फक्त पुढून पाहिलं होतं. मागे परसदारात जुन्या मालकाने कडब्याची भलीमोठी गंजी रचलेली होती. "मागे काय आहे?" असं रतिलालने विचारलंही होतं. मालक म्हणाला होता, "कडबा." माणूस खोटं काही बोलला नाही.

"परसू देखं का तुम्ही?" पत्नी नर्मदाबाईंनी घरी विचारलं.

"घर भाडानं देवानं शे. आपले तठे कोठे ऱ्हावानं शे?" रतिलाल म्हणाला.

व्यवहार झाला, मालकाने कडबा नेला आणि खाली थेट नाल्यात उतरणारं परसदार उघडं पडलं.

तरी भाडेकरू मिळाले. जंगल खात्यातले एक कारकून आणि त्यांच्या पत्नी निर्मलाबाई. बिऱ्हाड येऊन आठवडा होत नाही तोच निर्मलाबाईंचा निरोप आला. रतिलाल गाडी जुंपून लगोलग तळोद्याला गेला.

"आमचा हंडा गेला," निर्मलाबाई म्हणाल्या.

"कोठे गया?"

"खाली. आणि आज सकाळी हे गेले. अंगाला साबण लावून पाटावर बसले होते, ते पाटासकट गेले."

कारकून ओसरीवर कोपराला हळद लावून बसले होते.

"इतला काही उतार नई शे, ताई," रतिलाल म्हणाला. बोलून भागेना, तेव्हा त्याने आपली बैलगाडीच परसदारात आणली, जू घराकडे करून उभी केली आणि बैल सोडले. "हाई देखा. गाडी उभी ऱ्हायनी, मग माणूस काय घसरी?" असं म्हणत तो ऐटीत गाडीच्या मागच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

त्याच्या वजनाने मागचं टोक खाली बसलं, जू आभाळाकडे उठलं आणि गाडी निघाली. एरंडाची झुडपं आडवी करत ती नाल्याच्या वाळूत जाऊन रुतली. तिथे शेजारची छबूबाई धुणं धूत होती.

"कोठे निंघनात, रतिलालभाऊ?" तिने विचारलं.

"नाला देखाले उनू," रतिलाल गाडीचा दांडा घट्ट धरून म्हणाला.

कारकुनांनी त्याच संध्याकाळी बिऱ्हाड हलवलं. उताराची गोष्ट बाजारभर झाली आणि घराकडे कुणी फिरकेना. मग रतिलाल इरेला पेटला. सगळा उन्हाळा घरच्या भाकरीवर मजूर लावून त्याने खाली दगडी बांध घातला, शेतातून गाड्या भरभरून माती आणून ओतली, वरून चोपणीने ठोकून घेतली. परसदार असं सपाट झालं, की त्यावर परातभर पाणी ठेवलं तरी हललं नसतं. तो नर्मदाबाईंना मुद्दाम दाखवायला घेऊन आला.

दोघं तिथे उभे असतानाच लाकडाचा ठेकेदार गुलाबसिंग पुढच्या दारात आला. लढाईसाठी सरकारला लाकूड लागू लागल्यापासून त्याचा धंदा जोरात होता.

"नालावर उतरतं घर तुमनंच ना, भाऊ? माले भाडानं जोयजे. सातपुडाना लाकडं आठे वर उतरावसू. ओंडका सोडी दिधा का आपोआप खाले गाडीवर. असा उतार आख्खा तळोदामा नई शे. भाडं तुम्ही सांगशात ते."

रतिलालने एकदा मागच्या दाराकडे पाहिलं, एकदा नर्मदाबाईंकडे.

"उतार शे ना," तो सावकाश म्हणाला. "थोडा झाकेल शे. पोयाना सणना पहिले मोकळा करी देस."

गुलाबसिंग गेला. घरी येताच नर्मदाबाईंनी पदर खोचला आणि त्या मजुरांच्या भाकरींसाठी पुन्हा पीठ मळायला बसल्या.