खात्रीचं रक्त

सन १९६३. मी एकतीस वर्षांचा होतो, मोताळ्याच्या बाजारात भाजी विकत होतो. शेर जाऊन किलो नुकताच आला होता. सरकारी दवाखान्यात रक्त तपासणारे वसंतराव दर बाजाराला पिशवीत स्वतःचं किलोचं माप घेऊन यायचे. माझ्या तराजूत एकीकडे माझं माप, दुसरीकडे त्यांचं. काटा मधोमध थांबला की मगच वांगी घेणार. तीही पावभर!

"काऊन, मी चोर दिसतो का तुमाले?" मी भर बाजारात विचारलं.

"चोर नाही हो, किसनराव. आधी खात्रीचं, मग बाकीचं."

हेच त्यांचं पालुपद. दुधात पाणी आहे का पाहायच्या आधी घोटभर पाणी पिऊन स्वतःची जीभ ठिकाणावर आहे का पाहायचे. मी तिसरी शिकलेला, पण माझ्या मापावर संशय घेणाऱ्याशी बोलणं टाकलं. दोन महिने बोललो नाही. वांगी मात्र देत होतो.

मग माझ्या सहा वर्षांच्या शांतीला ताप भरला, उतरेचना. डॉक्टर म्हणाले, विषमज्वर असेल. आमच्याकडे त्या तापात भाकर बंद. पोरगी "माय, कोरभर दे ना वं" म्हणून रडायची, बायको तोंड फिरवायची.

वसंतरावांनी रक्त घेऊन नळीत औषधात लावलं. दुसऱ्या दिवशी नळीत कण जमलेले.

"झालं, विषमज्वरच," कंपाउंडर म्हणाला.

"थांबा," वसंतराव म्हणाले. शेजारच्या नळीत धडधाकट माणसाचं रक्त लावलेलं होतं. तिच्यात कण जमायला नको होते. तिच्यातही जमले होते!

"औषधच बिघडलंय, किसनराव. हे निरोग्यालाही आजारी ठरवतंय."

नवी बाटली फोडून पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही नळ्यांत एक कण नाही. मग शांतीच्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्यात साधा हिवताप सापडला, गोळ्यांनी उतरणारा. मी मटकन बाकावर बसलो.

"तो धडधाकट माणूस कोण हो? त्याच्या पाया पडतो."

ते घाईनं बाही खाली ओढू लागले. कोपराच्या खळीत सुईचे ठिपकेच ठिपके.

"दर आठवड्याला ताजं लागतं. मागायचं कोणाला? तीन वर्षं झाली इथं येऊन, पण संशयी माणसाच्या दारात कोण येतं?"



त्या संध्याकाळी शांतीनं दीड भाकर खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान न लावता दवाखान्यात गेलो, बाही वर केली आणि त्यांच्या टेबलावर हात ठेवला.

"घ्या," म्हटलं. "अन् आधी खात्री करून घ्या बरं!"