किल्ल्याची पसंती

रेवखाडीत आलेल्या माणसाला आधी तिथल्या वास्तू पाहतात आणि पसंत पडला तरच आत घेतात. लग्नानंतरची आमची पहिलीच सहल, म्हणून आम्ही चांगले कपडे घालून गेलो.

चर्च मनमिळाऊ निघालं, त्यानं दारातच होकार दिला. वस्तुसंग्रहालयानं शिक्षण विचारलं, थोडे आढेवेढे घेतले आणि मग दोघांनाही आत सोडलं. किल्ला मात्र चोखंदळ. आणि मला किल्लाच पाहायचा होता. त्याच्या पोटातून समुद्राकडे उतरणारा जिना आहे, असं लहानपणापासून ऐकत आले होते.

मध्यस्थ ब्रिजित मावशी होत्या. त्या दरवाजाच्या दगडाला कान लावून किल्ल्याचं म्हणणं सांगायच्या. त्यांनी माझ्या नवऱ्याच्या, शार्दूलच्या, हाती पोह्यांचा ट्रे दिला.

"मी न्यायचा?"

"मग काय मी, जावईबापू? उंबऱ्यावर ठेवा. आता जरा चालून दाखवा."

तो चालला. "खांदे सरळ," मी हळूच म्हटलं.

मावशींनी कान लावला. "विचारतोय, आत भिंतीवर नावं कोरणार का?"

"छे हो," शार्दूल हसला. "फार तर एक बदाम. छोटासा."

बुरुजावरचे पारवे उडाले. मावशींनी पोह्यांवर झाकण घातलं.

मग माझी पाळी. "तुम्हाला काय पाहायचंय?"

"जिना."

"तो कुठे जातो?"

"तेच पाहायचंय."

दिंडी कुरकुरत उघडली. माझ्यापुरतीच.

"आणि ह्यांचं?"

"कळवतो म्हणालाय. नंबर देऊन ठेवा."

शार्दूलचा चेहरा उजळला. "म्हणजे जवळजवळ होच की गं!"

ठाण्याचं एक स्थळ 'कळवतो' म्हणून गेलं, तेव्हा आमचे बाबा कितीतरी दिवस फोन उशाशी घेऊन झोपत होते.

"असेल," मी म्हटलं.

"पण तू एकटी जाणारेस?"

"मला परत बोलावेल, न बोलावेल." मी पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली आणि वाकून आत शिरले.

जिना समुद्राखालून जातो. पाय ओले होत नाहीत. खाली एक खिडकी आहे. तिथे मासे येऊन आपल्याला पाहतात, आणि अजिबात घाई करत नाहीत. मी पदर नीट करून उभी राहिले.

बाहेर आले तेव्हा शार्दूल उंबऱ्यावर बसून ते गार पोहे खात होता. फोन गुडघ्यावर.

"इथे रेंजच नाही गं," तो म्हणाला. "त्यानं केलाही असेल, लागला नसेल."

मी त्याच्याशेजारी बसले. उठताना माझाही नंबर मावशींकडे देऊन ठेवला.