माशाचा डावा डोळा

धाकट्या लेकीचं लग्न ठरलं त्या वर्षीची ही गोष्ट. मी लिहा-वाचायला शिकलो, त्यालाही तेव्हा नुकतंच वर्ष झालं होतं. साठी गाठलेल्या माणसाला अक्षरं आली की तो फार धोकादायक होतो! लहानपणी शिकलेल्यांना ठाऊक असतं, की छापलेलं सगळंच मनावर घ्यायचं नसतं. मला ते कुणी सांगितलंच नव्हतं. दुकानाची पाटी, साबणाचं वेष्टन, दिसेल ते मी मोठ्याने वाचायचो आणि लगेच अमलात आणायचो. औषधावर 'बाटली हलवून घ्यावी' असं वाचल्यापासून मी तेलाची बाटलीसुद्धा हलवत होतो.

होणारे व्याही चष्मेवाले. त्यांच्या दुकानाच्या दर्शनी काचेत एक अरोवाना मासा होता. हातभर लांब, सोनेरी, हनुवटीला दोन मिशा, आणि तोरा असा, की दुकान त्याचं आणि व्याही त्याच्याकडे कामाला! दुकानाची डागडुजी निघाली तेव्हा व्याही म्हणाले, "लग्नापर्यंत याला तुमच्याकडे ठेवा. जीव आहे माझा त्याच्यात. मला माणसं डोळ्यांवरून कळतात बघा. आता माशाच्या डोळ्यांवरून तुमचं घरही कळेल."

"निर्धास्त राहा!" मी म्हणालो. "जन्मभर वेल्डिंग केलंय. टाकीला असा स्टँड करतो, की वर हत्ती उभा राहिला तरी हलायचा नाही!"

केला. चांगला छातीइतका उंच.

"अहो, हत्ती नाही, मासा येतोय," बायको म्हणाली. "एवढा उंच कशाला?"

"मानाचा पाहुणा आहे. त्याला काय जमिनीवर बसवू?"

स्वयंपाकघरात उकडायचं म्हणून ती बाहेरच्या खोलीतच, स्टँडच्या डाव्या पायाशी बुटकं स्टूल टाकून भाजी निवडायची. तिथेच बसत राहिली.

तीन-चार महिने मजेत गेले. मग एका सकाळी धाकटी ओरडली, "बाबा! याचा डावा डोळा खाली गेलाय!"

बघतो तर खरंच! उजवा डोळा सरळ समोर, डावा थेट जमिनीकडे. खिशातून पडलेलं नाणं शोधणाऱ्या माणसासारखा!

"चष्मेवाल्याचा मासा, आणि त्याचाच डोळा वाकडा!" धाकटी रडायला आली. "बाबा, या डोळ्यापायी माझं लग्न मोडलं ना, तर मी जन्मात तुमच्याशी बोलणार नाही!"

"अगं, बाप शिकलेला आहे तुझा!" मी म्हणालो आणि शोभेचे मासे विकणाऱ्याकडे गेलो. त्याने एक छापील पुस्तिका हातात ठेवली. 'बंदिस्त अरोवानाचे डोळे झुकण्याची संभाव्य कारणे'. 'संभाव्य' हा शब्द मला नवा होता, म्हणून मी तो वगळला.

घरी येऊन मोठ्याने वाचलं. कारण पहिलं, चरबीयुक्त आहार. डोळ्यामागे चरबी साठते आणि डोळा खाली ढकलला जातो. कारण दुसरं, तळाशी बुडणारं खाद्य. मासा सतत खाली बघत राहतो. तिसरं, खालच्या काचेत दिसणारं प्रतिबिंब. चौथं, अपुरी जागा. पुढे मार लागणं, आनुवंशिकता, असं बरंच काही होतं.

"यातलं आपलं कुठलं?" बायकोने विचारलं.

"छापलंय म्हणजे सगळीच!"

त्याच दिवशी इलाज सुरू केले. माशाचं खाणं निम्म्यावर आणलं. प्रतिबिंब दिसू नये म्हणून टाकीला तळाशी बाहेरून काळा कागद चिकटवला. माशाने वर बघावं म्हणून पाण्यावर रंगीत चेंडू सोडले. माशाने पहिल्याच दिवशी एक चेंडू असा उडवला, की तो थेट माझ्या चहात!

"वर बघतोय," मी चहा पुसत म्हणालो. "गुण येतोय."

"उजव्या डोळ्याने," बायको म्हणाली.

शेवटचा उपाय म्हणजे पाण्यावर तरंगणारं जिवंत खाद्य. मी डबाभर नाकतोडे घेऊन आलो. टाकीचं झाकण काढलं, डब्याचं झाकण जरा सैल केलं, आणि तेवढ्यात दारातून आवाज आला, "आहेत का घरात?"

व्याही! न कळवता!

डबा तसाच टाकीशेजारी ठेवला आणि खांद्यावरचा टॉवेल टाकीच्या डाव्या अंगावर पसरला.

"या, या! इकडे बसा, उजवीकडे."

"टॉवेल कशाला घातलाय?"

"त्याला थंडी वाजते."

"पाण्यात आहे हो तो."

"म्हणूनच!"

धाकटी दारामागे उभी राहून नखं खात होती. व्याही टाकीजवळ गेले, आणि सैल झाकणाच्या डब्याने डाव साधला. पहिला नाकतोडा उडाला तो थेट व्याह्यांच्या चष्म्यावर!

मासा निम्म्या खाण्यावर होता हो! त्याने हे बघितलं, उजव्या डोळ्याने बघितलं की डाव्या, देव जाणे. सोन्याची पट्टी सणकन पाण्याबाहेर आली, व्याह्यांच्या नाकासमोर तोंड मिटलं, आणि धप्पकन परत पाण्यात! नाकतोडा माशाच्या पोटात, चष्मा टाकीच्या तळाशी, आणि निम्मं पाणी व्याह्यांच्या अंगावर! उरलेले नाकतोडे घरभर.

मासा चष्म्याकडे बघू लागला. आता दोन्ही डोळे खाली!

"मला काही दिसत नाहीये!" व्याही चाचपडत म्हणाले.

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्याइतका सुखी माणूस जगात नव्हता. "काही बिघडत नाही, बसा निवांत!" मी म्हणालो. "चष्म्याची काही घाई नाही!"

पण बायको शहाणी. लांब दांड्याचा झारा घेऊन आली, आपल्या बुटक्या स्टुलावर चढली आणि चष्मा काढून, पुसून व्याह्यांच्या हातात दिला. वर त्या गडबडीत टॉवेलही खाली आला.

व्याह्यांनी चष्मा घातला. टाकीशी वाकले. खोलीत फक्त नाकतोड्यांचा आवाज.

"विहीणबाई," ते म्हणाले, "या स्टुलावर रोज कोण बसतं?"

"मीच. भाजी निवडते."

"गप्प बसून?"

बायको लाजली. "नाही... बोलते त्याच्याशी. दुसरं कोण ऐकतं इथे?"

"बसा बघू."

ती बसली. मासा वरून डुलत डाव्या कोपऱ्यात आला, डावं अंग तिच्याकडे केलं आणि खाली बघत उभा राहिला.

"दुकानात टाकी खाली होती, माणसं वर," व्याही म्हणाले. "इथे तो माळ्यावर आणि ऐकायचं ते सगळं खाली. बिचारा काय करणार? स्टँड कुणी केला हा?"

मी छताकडे बघितलं.

"काय बोलता हो त्याच्याशी?" त्यांनी बायकोला विचारलं.

"यांच्याविषयी!"

म्हणजे एवढे महिने मासा माझ्या तक्रारी ऐकत होता! त्याचा डोळा झुकला यात नवल काय? एखाद्याचे कान गळून पडले असते!

व्याही इतके हसले, की चष्मा दुसऱ्यांदा पाण्यात जाता जाता वाचला. "ज्या घरात मासासुद्धा बाईचं ऐकून घेतो, तिथली मुलगी मला हवीच," म्हणाले. लग्न झालं. मासा त्यांनी परत नेला नाही. स्टँड मी कापून बुटका करणार होतो. बायको म्हणाली, "राहू द्या. आता सवय झालीय त्याला."

पुढे एकदा त्या स्टुलावर मी बसून बघितलं. घसा खाकरून माशाला म्हणालो, "काय रे, काय म्हणत असायची ती?" त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग वळला, उजवं अंग माझ्याकडे केलं आणि माझ्या डोक्यावरून समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. पुस्तिकेत याचं कारण दिलेलं नाही. मी पुन्हा वाचून बघितली.

धाकटीच्या मुलीला पहिला चष्मा लागला, त्या वर्षी हिवाळ्यात बायको वारली. मासा पुढच्या उन्हाळ्यात गेला. डावा डोळा शेवटपर्यंत खालीच होता.