तिसरं नको

सुसंस्कृत समाजाची खरी पारख त्याच्या 'नको'वरून होते. पहिलं नको म्हणजे 'ऐकलं बरं का', दुसरं म्हणजे 'वाढा', आणि तिसरं ताटावर हात आडवा धरून म्हणायचं, बोटांमध्ये फट ठेवून. या कार्यपद्धतीला आग्रह म्हणतात. आमच्या थेरगावात ती पाळण्यातल्या पोरालाही अवगत असते. त्यामुळे १९५४ साली सरकारी शिष्यवृत्तीवर यंत्रविद्या शिकायला मी विलायतेत बोल्टन गावी निघालो, तेव्हा ती वेगळी बांधून घ्यावी लागली नाही.

गावाला यंत्रविद्येचं फारसं कौतुक नव्हतं. तालमीचे चिमाजी वस्ताद चिंचवड स्टेशनापर्यंत आले ते एवढंच सांगायला, "तिकडं बी कुस्ती हाय म्हंत्यात. एक तरी कर. तालमीचं नाव राहू दे." मी व्हय म्हणालो. (पहिल्याच खेपेला व्हय म्हणण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग, आणि तो अंगाशी आला.)

बोल्टनला घरमालकीण मिसेस हॉलरॉइड संध्याकाळी सहाला विचारी, "टी घेणार?" मी रिवाजाप्रमाणे म्हणे, "नको, आत्ताच झाला." बाई "बरं" म्हणून दार लोटून घेई. तिकडे 'टी' म्हणजे आख्खं जेवण, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. तोवर मी ते एकोणीस वेळा नाकारलं होतं. कळल्यावरही बऱ्याचदा नाकारतच राहिलो, कारण पहिल्या विचारण्याला हो म्हणणाऱ्याला आमच्याकडे हावरा म्हणतात, आणि इथे तर मी देशाचा प्रतिनिधी होतो. पाच महिन्यांत देशाचं वजन अकरा शेरांनी उतरलं. बाईबद्दल माझी काही तक्रार नाही. तिने रोज विचारलं.

वर्गातले मित्र फ्रँक आणि आल्बर्ट यांनी मला 'पाय' नावाच्या पदार्थाची ओळख करून दिली. (कोणाचा, हे विचारायचं नसतं.) कणकेच्या डबीत खिमा आणि बटाटा कोंडलेला असतो. "खातोस?" फ्रँकने विचारलं. "छे, पोट भरलंय," मी म्हणालो. मग दोघांनी माझ्यासमोर उभं राहून ते खाल्लं. माझी ओळख वासापुरतीच राहिली. वास फार चांगला होता.

मे महिन्यात त्यांनी मला जत्रेत नेलं. मधोमध कुस्तीचा फड. मातीऐवजी गादी, बाकी सगळं आपलंच. पंच ओरडत होता, आणखी कोण येतंय. फ्रँक म्हणाला, "तू खेळतोस ना? जातोस?"

वस्ताद डोळ्यांसमोर उभे राहिले. आमच्या जत्रेत अशा वेळी पैलवानाने मागे सरकायचं असतं. मग चौघे दंडाला धरून ओढतात, कुणीतरी सदरा काढतो, आणि पैलवान नाइलाजाने कुस्ती जिंकतो. मी "छे, आमचं काय," म्हणत मागे सरकलो, आणि ओढणाऱ्यांची सोय म्हणून सदऱ्याची तीन बटणं काढून ठेवली.

"बरं," फ्रँक म्हणाला.

एक पाववाला आत गेला. त्याचा डावा पाय इतका सैल होता की माझे हात शिवशिवत होते. आल्बर्टने माझ्या उघड्या गळ्याकडे पाहिलं.

"उकडतंय का तुला?"

मी हो म्हणालो. परत येताना मला रडू आलं, ते मात्र कुणी न विचारता.

दोन वर्षांनी चिंचवड स्टेशनावर उतरलो. वस्ताद हार घेऊन उभे, मागे हलगीवाला.

"किती कुस्त्या केल्यास?"

"एक बी न्हाई, वस्ताद. कुणी आग्रहच केला न्हाई."

वस्तादांनी हात वर करून हलगीवाल्याला थांबवलं. मग म्हणाले, "हार घालू का?"

"छे, हार कशाला," माझ्या तोंडून निघून गेलं.

"बरं," वस्ताद म्हणाले, आणि हार पुन्हा पिशवीत ठेवला.

तेव्हापासून मी सुधारलो आहे. तुम्ही कधी थेरगावला आलात, तर दुपारचे जेवायलाच या. पिठलं-भाकरी असते, वर लोणी. मी विचारीन, पण एकदाच. तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे, म्हणून तुमचं पान आधी मांडत नाही.