मेट्रनबाई आणि तीन उमेदवार

मार्थाबाईंशी बोलायचं म्हणजे आधी हात पुढे करायचा. त्या मनगट धरतात, दोन बोटं नाडीवर ठेवतात आणि मग म्हणतात, "हं, बोल." जन्मभर दवाखान्यात मेट्रन होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी आमच्या मूल नावाच्या गावात सगळे त्यांना मेट्रनबाईच म्हणतात. दूधवाला म्हणाला पाणी घातलं नाही, की त्याची नाडी. पाळकसाहेब म्हणाले तब्येत बरी आहे, की त्यांची नाडी. "जिभेले शिकवता येते," बाई म्हणतात, "नाडीले कोणी शिकवत नाई." मी चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी. उपासना संपली की मी हात खिशात घालूनच बाहेर पडतो.

आमच्या कब्रस्तानाला वाट नव्हती. राइस मिलच्या मागून, धानाच्या बांध्यांमधल्या, म्हणजे भातखाचरांमधल्या, अरुंद धुऱ्यावरून जावं लागे. एका पावसाळ्यात बेंजामिनकाकांना नेताना खांदेकरी घसरले आणि पेटी बांधीतल्या पाण्यात टेकली. काकांचा धाकटा मुलगा चिखलात गुडघ्यावर बसून रडला.

नगराध्यक्षाची निवडणूक लागली तेव्हा बाई मंडळीच्या बैठकीत उभ्या राहिल्या. "दर नाताळाले हे लोक येतात, केक खातात, फोटो काढतात आन् जातात. या वेळी केक नाई. तिघायलेही बोलवा, सवाल विचारू."

पाळकसाहेब अस्वस्थ झाले. "बाई, चर्चमध्ये राजकारण नको."

"मत कोणाले द्याचं ते कोणी सांगणार नाई. पण मुर्दा कुठून न्याचा, हे विचाराले काऊन भ्यायचं?"

निवडणूक कचेरीची परवानगी त्यांनी स्वतः आणली. सभा वेदीपासून लांब, अंगणातल्या मांडवात घ्यायची, एवढी पाळकसाहेबांची अट त्यांनी मानली.

तिघंही आले. बाईंनी त्यांना एका बाकावर बसवलं, शेजारी खुर्ची ओढली आणि पहिल्या भाऊंचं मनगट धरलं. भाऊ मोठ्या पक्षाचे, सोबत पाच-सहा पोरं.

"बाई, हे काय?"

"प्रचारात माणसं आजारी पडतात. तुम्ही बोला."

"माझ्या मायबहिणींनो, विकासाची गंगा..."

"गंगा राहू द्या. चिखलाचं बोला."

मांडव हसला. निवडून आल्यावर पहिल्या पावसाआधी रस्ता करतो, असं भाऊंनी सांगितलं. बाई म्हणाल्या, "लई धावून राह्यली." दुसरे वकीलसाहेब. जागेची बाब कायदेशीर आहे, अभ्यास करावा लागेल, असं ते बराच वेळ सांगत राहिले. बाईंनी बोटं दोनदा सरकवली. "याहिची तर लागतच नाई."

मग त्यांनी तिघांना मिळून दुसरा प्रश्न विचारला, तेव्हा कोणी हसलं नाही. "आमच्या घरात प्रार्थना चालू असताना कोणी दार वाजवून दम दिला, तर तुम्ही कुठी राह्यसान?"

भाऊंनी आपल्या पोरांकडे पाहिलं. वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. तिसऱ्या सुनंदाताई, अपक्ष. त्या हळू बोलल्या, "मी येऊन तुमच्या दारात उभी राहीन. त्याच्यापुढं काय करता येते, ते मले आज माहीत नाई. आन् तुमची वाट मी पाह्यलीच नाई, तं खोटं काऊन बोलू? उद्या पाहीन."

बाईंनी त्यांचं मनगट बराच वेळ सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुनंदाताई खरंच चप्पल हातात घेऊन धुऱ्यावरून गेल्या. निवडणुकीत मात्र त्या पडल्या. भाऊ निवडून आले.

बाई खचल्या नाहीत. दर सोमवारी त्या नगरपरिषदेत जाऊन बसू लागल्या. सोबत हरलेल्या सुनंदाताईही. भाऊ बाहेर आले, की बाई फक्त हात पुढे करायच्या. पुढे पुढे भाऊ मागच्या दारानं जायला लागले, तर बाईंनी खुर्ची मागच्या दारी नेली. शेवटी मिलवाल्यांनी थोडी जागा सोडली, भाऊंनी मुरूम टाकला, आणि पाऊस यायच्या आत वाट झाली.

काम पुरं झाल्यावर मी बाईंना घेऊन पाहायला गेलो. त्या वाट निरखत, पायानं मुरूम दाबत चालत होत्या. मी विचारलं, "बाई, या कब्रस्तानात तुमचं कोण आहे?"

"कोणी नाई. माहे मायबाप तिकडं सिरोंच्याले. लग्न तं केलंच नाई."

"मग एवढा जीव काऊन काढला?"

त्या थांबल्या. पदरानं तोंड पुसलं.

"बेंजामिनचे पोरं तरी होते खांदा द्याले. मले तुम्हीच नेसान. तू, पाळक, तो गुडघेदुखीवाला डॅनियल. सारे म्हातारे. आन् मी अशी जड." त्या पुढे चालू लागल्या. "एखादा पडला असता रे तुमच्यातला."