सतरा दिवसांचं सरकार आणि एकतीस मीटरचा नाला

सरकार किती दिवस टिकलं यावरून त्याची थोरवी मोजू नये; त्यात किती मंत्री मावले यावरून मोजावी. या कसोटीवर दिल्लीतलं ते सतरा दिवसांचं सरकार अव्वल ठरतं. कायद्यानं एक्याऐंशी मंत्र्यांची मुभा आहे, सरकारात एक्याऐंशी मंत्री होते. आणखीही घेतले असते, पण कायदा आडवा आला.

त्यांतल्या एक्याऐंशीव्या म्हणजे भागीरथाबाई लांजेवार. उमरेडकडच्या निवृत्त नर्सबाई. बत्तीस वर्षं त्यांनी गावोगाव फिरून बाळंतपणं केली. दोन बडे उमेदवार एकमेकांना पाडण्याच्या कामात इतके गुंतले, की अपक्ष बाई लोकसभेवर निवडून आल्या. (बाईंच्या हातावर जन्मलेली बाळं आता मतदार झाली होती. हा आचारसंहितेचा भंग होतो का, यावर विरोधकांनी वकिलाचा सल्ला घेतला होता.) सरकारला नेमकं एक मत कमी पडत होतं. ते बाईंचं.

मंत्रिमंडळाची रचना अतिशय न्याय्य होती. एकोणीस पक्षांपैकी प्रत्येकाला रस्ते खातं हवं होतं, म्हणून ते प्रत्येकालाच दिलं. रस्ते एकाला, रस्त्यांवरचे खड्डे दुसऱ्याला, गतिरोधक तिसऱ्याला आणि गतिरोधकांवरचे पांढरे पट्टे चौथ्याला. तीस मीटरांहून लांब पूल नागपूरच्याच मधुसूदन खोरगडेंकडे गेले. तीस मीटरांच्या आतले तेवढे उरले. ते बाईंच्या वाट्याला आले. खोरगडेंना रेल्वे हवी होती. शपथ घेऊन ते तडक रुसले.

सतरा दिवसांचा हिशोब असा : खातेवाटप पाच दिवस, बंगलेवाटप चार, रुसलेल्यांची समजूत तीन, सुट्ट्या दोन, सत्कार दोन आणि विश्वासदर्शक ठराव एक. कामासाठी उरलेले दिवस शून्य. या शून्यातही भागीरथाबाईंनी काम केलं. त्यांना अनुभव नव्हता, एवढंच त्यांच्या बाजूनं म्हणता येईल.

त्यांच्या गावाअलीकडे एक नाला आहे. दवाखाना पलीकडे. चार वर्षांपूर्वी वंदना नावाची बाळंतीण अडली आणि नाल्याला पूर आला. बाई तिचा हात धरून तीन तास काठावर बसल्या होत्या. बाळ वाचलं, वंदना गेली. त्यानंतर बाईंनी पुलासाठी अकरा अर्ज केले. मंत्री झाल्यावर त्यांनी पहिली फाईल मागवली, तर तिच्यात त्यांचेच अकरा अर्ज निघाले. प्रत्येकावर ‘योग्य कार्यवाहीसाठी पुढे’ असा शेरा होता. अर्ज खरोखरच पुढे येत येत बाईंपर्यंत पोचले होते. यंत्रणेला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

बाईंचे सचिव अनंत देवतळे मूळचे नागपूरचेच. ते हळहळले. “बाई, नाला एकतीस मीटर भरते. आपली हद्द तीस.”

“मग मोठ्या पुलवाल्यायले सांगा ना.”

“ते रुसून बसले.”

बाईंनी नकाशावर नाल्याच्या मधोमध बोट ठेवलं. “मधात एक खांब टाकला, त दोन पूल होतात का नाही? एक पंधरा मीटरचा, एक सोळाचा.”

देवतळेंनी नियमावली दोनदा चाळली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत नियमात बसणारं आणि लोकांच्या उपयोगाचं असं दोन्ही एकाच वेळी त्यांच्यासमोर कधी आलं नव्हतं. सोळाव्या दिवशी सकाळी बाईंनी सही केली.

दुपारी खोरगडेंचा रुसवा एकदम निघाला. दोन लहान पूल टोकाला टोक लावून उभे केले तर तो मोठा पूल होतो, आणि मोठा पूल ही आपली हद्द आहे, असं त्यांनी पत्रकारांना सांगितलं. त्यांच्या पक्षाचे तीन खासदार होते. ठराव दुसऱ्या दिवशी होता.

संध्याकाळी पंतप्रधानांचा माणूस बाईंकडे आला. “आदेश मागे घ्या, बाई. एका नाल्यापायी देशाचं सरकार पडेल.”

बाई घाबरल्या. आयुष्यात त्यांनी कधी कोणाचं काही पाडलं नव्हतं. त्यांनी पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे ठेवला. मग त्या म्हणाल्या, “पडते त पडू द्या साहेब. उभं आहे तरी कोनाले नाल्यापलीकडं नेऊन राहिलं?”

खोरगडेंच्या तीन मतांनी सरकार पडलं. कारण : तात्त्विक मतभेद.

नव्या सरकारनं जुन्याचे सगळे निर्णय रद्द केले. मात्र बाईंचा आदेश रद्द करायला बाईंचंच खातं लागत होतं, आणि ते खातं आदल्याच दिवशी रद्द झालं होतं. त्यामुळे पूल बांधावा लागला. त्याच्या मधोमध पाटी आहे : ‘पूल क्रमांक एक समाप्त. पूल क्रमांक दोन प्रारंभ.’

नवं सरकारही वर्षभरातच गेलं. मध्यावधी निवडणुकीत खोरगडे बाईंच्याच मतदारसंघात उभे राहिले. त्या गावचं मतदान या वेळी विक्रमी झालं, कारण मतदान केंद्र नाल्यापलीकडे होतं आणि आता पूल होता. म्हाताऱ्याकोताऱ्यांनासुद्धा पलीकडे जाऊन खोरगडेंना मत देता आलं. बाई पडल्या.

शेजारची प्रेमिला तिसऱ्या दिवशी भेटली. बाईंनी सरळ विचारलं, “काहून वं प्रेमिला, मले नाही दिलं मत?”

प्रेमिलानं काही लपवलं नाही. “बाई, पूल त झाला ना आता. मंग तुमचं काय काम? खोरगडेसाहेब रेल्वे आणतो म्हणून राहिले.”

बाईंना हसू आलं, पण ते पुरतं उमटलं नाही. त्यांनी प्रेमिलाच्या सुनेला कितवा महिना आहे ते विचारलं, रक्त तपासून घ्यायला सांगितलं आणि त्या घरात गेल्या.

वाचकांनी प्रेमिलाला कृतघ्न म्हणण्याची घाई करू नये. आपल्या गल्लीत नळ आले, ते कोणाच्या सहीनं, हे आधी आठवून पाहावं. आठवत नाही ना? आता चौकातल्या फ्लेक्सवर सध्या कोणाचा वाढदिवस आहे, ते सांगा.

पाहा, तारखेसकट आठवलं.