फसफस मास्तर

कुठलीही पांढरी पूड दिसली की म्हात्रे मास्तरांचा हात खिशातल्या आम्लाच्या बाटलीकडे जाई. पुडीवर एक थेंब. ती फसफसली की मास्तर खूश! "बघा, कार्बोनेट हाय!"

बोर्ली पंचतनच्या शाळेत ते विज्ञान शिकवत, मी मराठी. बाजारात ते दिसले की दंतमंजनवाला पथारी गुंडाळी. एका दिवाळीत त्यांनी आमच्या दारातल्या रांगोळीच्या मोरावर थेंब टाकला. मोराचा डोळाच फसफसून गेला. "हाय, वहिनी, हाय!" मास्तर ओरडले.

"तुमचं हाय ते राहू द्या, माझा मोर आंधळा केलात!" आमची ही कडाडली.

नुसत्या फसफसण्यावर त्यांचं भागत नसे. शिंपले खलात कुटायचे, पूड तोलायची, निघालेला वायू नळीत मोजायचा आणि शेकडा कार्बोनेट किती ते फळ्यावर लिहायचं. गावाला तेवढीच करमणूक.

मग त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं, की ऑक्सिजन हलका नि जड अशा दोन्ही तऱ्हांचा असतो. शिंपल्याच्या पुडीतलं त्यांचं प्रमाण मोजलं, तर तो शिंपला वाढला तेव्हा समुद्राचं पाणी किती गार होतं ते कळतं. मोजायचं यंत्र मात्र परदेशात. झालं! मास्तरांनी कालवांच्या शिंपल्यांची पूड एका कुपीत भरून ठेवली. मुंबईहून कुणीही येवो, "तसलं यंत्र आलं काय हो?" एकदा स्वतःच कुपी घेऊन तिथल्या एका कॉलेजात जाऊन आले. "न्हाय म्हणाले," एवढंच बोलले. पुढे कितीतरी दिवस त्यांनी कुणाची पूड तपासली नाही. मास्तर गेले तरी ते यंत्र काही त्यांच्या नशिबी आलं नाही, ह्याची मला अजून हळहळ वाटते.

त्यांनी ती कुपी भरली तेव्हा मी गावात नवखा. एका संध्याकाळी किनाऱ्यावर सहज थट्टा केली, "मास्तर, पाणी गार होतं की कोमट हे कळून करणार काय? आंघोळ करायचीय?"

मास्तर हसले नाहीत. "आमचा वसंता ज्या मचव्यातून गेला ना, त्याची एक फळी तेवढी किनाऱ्याला लागली. तिला ही कुपीतली कालवं चिकटलेली. पोराला थंडी सोसायची न्हाय हो. पाणी लय गार नव्हतं, एवढं कळलं तरी बास."

"नसेल हो गार, मास्तर," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "असं नुसतं म्हणून चालत न्हाय, गुरुजी. मोजावं लागतं."